मोडलेले कान

पैलवान ओळखायचा तर त्याचे दंड बघू नयेत, छाती बघू नये. कान बघावेत. बीडच्या भाजीमंडईत, एसटी स्टँडवर, जुम्याच्या नमाजानंतर मशिदीच्या पायऱ्यांवर एखादा पोट सुटलेला, दाढी पिकलेला माणूस दिसतो. पैलवानकीची दुसरी कुठलीच खूण अंगावर उरलेली नसते. पण कान सांगतात. वाळलेल्या जर्दाळूसारखे आक्रसलेले, आतली वळणं बुजून गेलेली. आम्ही सलाम करतो आणि विचारतो, "कौनसी तालीम?" तालमीचं नाव निघतं, वस्तादाचं नाव निघतं, मग चहा होतो.

आम्ही म्हणजे पेठ बीडमधल्या एका तालमीतली सहा-सातजणं. एक मराठा, एक धनगर, बाकीचे मुसलमान. सगळे आता पन्नाशीच्या पुढं गेलेले. आमच्यातला कुणी महाराष्ट्र केसरी झाला नाही, जिल्ह्याबाहेर कुणाचं नाव गेलं नाही. जत्रा-उरसाच्या फडात नारळापासून सुरुवात करून शेवटच्या चार-पाच जोडींत यायचं, एवढीच आमची धाव. पण दुखापतींच्या बाबतीत मात्र आम्ही कुठल्याही केसरीला हार जाणार नाही. या सहा-सातजणांच्या अंगावर मिळून नऊ कान मोडलेले, चार खांदे उतरलेले, पाच गुडघे गेलेले आहेत. बोटांचा हिशेब कुणी ठेवलाच नाही.

कान कसा मोडतो, ते पुष्कळांना माहीत नसतं. कानाच्या कुरकुरीत हाडाला स्वतःचं रक्त नसतं. त्याच्यावरच्या पातळ आवरणातून ते त्याला मिळतं. डोक्याला डोकं घासून, काखेत मान आवळून ते आवरण सुटतं आणि मधल्या पोकळीत रक्त साकळतं. कान गरम होतो, फुगतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. तेवढ्या चार-आठ दिवसांत डॉक्टरनं ते रक्त काढून वर दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. नाही तर आतलं हाड उपाशी मरतं, त्या जागी वेडंवाकडं नवं तयार होतं आणि कान जन्माचा तसाच राहतो. इलाज म्हणाल तर इतका साधा आहे. पण आमच्या काळात कानासाठी डॉक्टरकडं गेलेला एकही पोरगा आम्हांला आठवत नाही. मोडलेला कान ही आमची सनद होती. सनद कुणी दुरुस्त करून घेतं का? उलट काही हुशार पोरं लवकर पैलवान दिसावं म्हणून कानावर बुक्क्या मारून घ्यायची. उस्ताद विचारायचे, "क्या रे, कान कू क्या हुआ?" पोरगं खाली बघून सांगायचं, "कुछ नै उस्ताद, मच्छर काट्या." सगळी तालीम हसायची. तो मच्छर आमच्यापैकी बहुतेकांना चावला.

कानाचं हसण्यावारी नेता येतं, कारण कान मोडला तरी ऐकू येतं, भाकरी कमावता येते. गुडघ्याचं तसं नाही. समोरच्याचा एकेरी पट काढायला आपण वाकतो, पाय मातीत रुतलेला असतो, तेवढ्यात तो कंबर फिरवतो. आपलं धड वळतं, पाय वळत नाही. आतून टक्कन आवाज येतो. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला तो पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा होतो, दहा-पंधरा दिवसांत सूज उतरते आणि पोराला वाटतं, बरं झालं. तो पुन्हा हौद्यात उतरतो. गुडघ्यातला दोर तुटलेला असतो, हे त्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाय निसटल्यावर कळतं. तोवर आतली गादीही फाटलेली असते.

खांद्यांच्या बाबतीत आमचा एक जुना तर्क आहे. डॉक्टर तो मानतील न मानतील. बीडची जमीन काळी, त्यामुळं हौद्याची तांबडी माती बाहेरून आणावी लागते. ती चाळून, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळतात आणि मग रोज पाण्यानं भिजवून फावड्यानं खणतात. नीट राखलेली माती लोण्यासारखी असते. पण आमच्या जिल्ह्यात पाण्याची कथा काय सांगावी! २०१३ साली आणि पुन्हा २०१६ साली लोक प्यायच्या पाण्यासाठी टँकरमागं पळत होते. तालमीत शिंपायला पाणी कुठून आणणार? हौदा विटेसारखा झाला. पोरं मात्र रोज येत होती, रोज आपटली जात होती. त्या दोन वर्षांत जितके खांदे आणि गळ्याजवळची हाडं गेली तितकी एरवी पाच वर्षांत गेली नसतील. दुष्काळाचं नुकसान मोजायला सरकारी माणसं शेतात आली, छावणीत आली. तालमीत कोण येतंय?

खांदा उतरला की आमच्याकडं हाड बसवणारे चाचा होते. उत्तरेत आणि हैदराबादेतही हाड बसवणाऱ्यालाच 'पहलवान' म्हणतात, कारण ही विद्या तालमीतूनच निघाली. आमचे चाचाही जुने पैलवानच. पोराला बोलण्यात गुंतवायचे, त्याच्या अम्मीची खुशाली विचारायचे आणि त्या बोलण्याच्या आडून असा एक हिसका द्यायचे की खांदा जागेवर. वर आंबेहळद आणि तुरटीचा लेप, एरंडाचं पान, कापडाची झोळी. पैसे घेत नसत. फारच आग्रह केला तर "दर्गे में चादर चढा दे" म्हणायचे. शिकलेली माणसं या लोकांना सरसकट नावं ठेवतात, ते आम्हांला पटत नाही. चाचांच्या हातात खांदा बसलेला आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलाय. पण खांदा एकदा उतरला की तो पुन्हा पुन्हा उतरतो, त्याला कित्येक आठवडे विश्रांती आणि नंतर बेतानं व्यायाम लागतो, हे चाचांच्या विद्येत नव्हतं. आणि गुडघ्याला लेप लावून तुटलेला दोर जोडला जात नाही. चाचा स्वतः हे जाणून होते. गुडघा बघितला की त्यांचा हात थांबायचा आणि ते म्हणायचे, "ये मेरा काम नै बेटा, अंबाजोगाई जाव." अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठी काढलेलं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. आमच्यातले दोघं गेले, तिघं गेले नाहीत.

का गेले नाहीत, हाच खरा प्रश्न आहे. पैसा हे एक कारण, पण ते सगळं नव्हे. दुखापत सांगायची तर ती कुणाला? घरी सांगितलं तर अम्मी लंगोट चुलीत घालणार. उस्तादांना सांगितलं तर ते जत्रेतल्या जोडीतून नाव काढणार, आणि जोड ठरल्यावर माघार घेतली म्हणजे पोरगा भ्याला, असं चार गावांत होणार. जोडीदाराला सांगितलं तर तो नेमका तोच पाय धरणार. शिवाय प्रत्येक पोराच्या डोक्यात पोलिसची भरती. सोळाशे मीटरची धाव आणि पुढं डॉक्टरी तपासणी. गुडघ्यावर ऑपरेशनचा व्रण दिसला की बाद, अशी सगळ्यांची समजूत. म्हणून पोरं काय करतात? गुडघ्याला घट्ट फडकं बांधतात, मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात आणि जोर-बैठका वाढवतात. आमच्या डावांना शेकड्यांनी नावं आहेत. ढाक आहे, घिस्सा आहे, धोबीपछाड आहे, कलाजंग आहे, मोळी आहे. 'थांब, मला लागलंय' असं सांगण्याला मात्र तालमीच्या भाषेत शब्द नाही.

ही उणीव आमच्या लक्षात आली ती आमच्यातल्याच एकाच्या पुतण्यामुळं. पोरगा पुण्यात कंपनीत नोकरीला. लहानपणी चार वर्षं आमच्याच मातीत लोळलेला. पुण्यात संध्याकाळी तो ब्राझीलच्या जुजुत्सूच्या वर्गाला जाऊ लागला. बकरी ईदला आला तेव्हा दोन्ही हातांच्या बोटांना पांढऱ्या चिकटपट्ट्या. त्याच्या दादीला वाटलं, भाजलं. आम्ही त्याला घेरून बसलो. खेळ कसला, डाव कसले, माती का चटई? त्यानं सांगितलं की त्यात पाठ टेकली तरी कुस्ती संपत नाही. उलट खालचा माणूस तिथूनच डाव सुरू करतो. कोपर, खांदा, घोटा उलटा पिरगाळायचा किंवा गळा आवळायचा. मग समोरचा माणूस दोनदा थाप मारतो, जमिनीवर किंवा तुमच्या अंगावर. थाप पडली की सोडायचं. लगेच. पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत, आधी ही थाप शिकवतात.

उस्ताद त्या वेळी हयात होते. सगळं ऐकून म्हणाले, "दो थाप मार्‍या के छुट्टी? फिर मर्द काहे का?"

पुतण्या हसला नाही. "उस्ताद, मैं हर रोज दस बार मरता, और दूसरे दिन फिर जाता," म्हणाला. उस्ताद काही बोलले नाहीत, पण ते त्याच्या बोटांकडं बघत राहिले.

तिथं दुखापती होत नाहीत असं नाही. पुतण्याच्याच सांगण्यावरून, अंगातला जाड सदरा मुठीत धरून धरून बोटांचे सांधे सुजतात, मान अवघडते, गुडघे त्यांचेही जातात, आणि चटईवर घासून कान तर आमच्यासारखेच मोडतात. एकदा त्याच्या बरगडीला मार बसला तेव्हा सहा आठवडे तो फक्त कडेला बसून बघत होता. बसून बघायला कुणी हसलं नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. बहुतेक दुखापती दोनच कारणांनी होतात म्हणे. एक, डाव घालणाऱ्यानं झटका दिला. दोन, ज्याला डाव बसला त्यानं थाप मारायला उशीर केला. पहिल्याला वर्गात कुणी जोडीदार मिळत नाही. दुसऱ्याला समजावतात.

आम्ही नंतर या खेळाची माहिती काढली तेव्हा एक गंमत कळली. मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्युदोपटू १९१४ साली ब्राझीलला गेला आणि त्याच्याकडून ग्रेसी घराण्यातला कार्लोस हा मुलगा शिकला. त्या घराण्यानं पुढं हा खेळ घडवला. त्याच कार्लोसचा धाकटा भाऊ एलियो. १९५१ साली रिओच्या माराकाना मैदानात त्याची आणि जपानच्या मासाहिको किमुराची गाठ पडली. किमुरानं त्याचा हात पाठीमागं पिरगाळला. हाड मोडलं, तरी एलियो थाप मारीना. शेवटी कार्लोसनं बाहेरून टॉवेल टाकला. आज जगभर त्या डावाला किमुराच म्हणतात. म्हणजे ज्या खेळात पहिल्या दिवशी थाप शिकवतात, त्या खेळाच्या वडीलधाऱ्यालाही ती मारवली नव्हती.

आणि आता आमच्या घरातली गोष्ट. गामा पहलवानांचे भाऊ इमामबख्श, त्यांचा मुलगा अक्रम. १२ डिसेंबर १९७६ ला कराचीच्या नॅशनल स्टेडियममध्ये जपानच्या अंतोनिओ इनोकीशी त्याची कुस्ती झाली. आमच्या तालमीत ती गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. इनोकीनं हात धरला तो त्याच जातीच्या डावात. अक्रम हूं की चूं करीना. खांदा गेला, तिसऱ्या फेरीत डॉक्टरनं कुस्ती थांबवली. उस्ताद ही गोष्ट सांगताना दरवेळी "उफ् तक नै किया" या वाक्याशी यायचे आणि थांबायचे. आम्ही पोरं छाती फुगवून ऐकायचो. पुढचं ते सांगायचे नाहीत. तीन वर्षांनी लाहोरला अक्रमचाच पुतण्या झारा इनोकीपुढं उभा राहिला, पाच फेऱ्या टिकला आणि इनोकीनं स्वतः त्याचा हात उंच केला. पुढं इनोकीनं इस्लाम कबूल केल्याचंही वाचलं. २०२२ साली तो वारला तेव्हा आमच्यातल्या एकानं तालमीत फातिहा पढला. अक्रमच्या खांद्याचं पुढं काय झालं, पावसाळ्यात तो ठणकायचा का, रात्री त्या कुशीवर त्याला झोपता यायचं का, हे मात्र गोष्टीत कधी आलं नाही. गोष्टीला खांदा मोडेपर्यंतच पैलवान लागतो.

आमच्या मातीतल्या कुस्तीत थाप नाही, कारण तिथं सांधा मोडून जिंकायचंच नसतं. पाठ लावली की निकाल. चटईवरच्या कुस्तीतही हात काटकोनापलीकडं पिरगाळायला बंदी आहे. म्हणून आमचे लोक म्हणतात की आपल्याला थाप कशाला? आम्हांला हे पटत नाही. दुखापती फडात कमी, रोजच्या लढतींत जास्त होतात. तिथं निकाल नसतो, पंच नसतो. पहाटे पाचला दोन पोरं असतात, एकाचा गुडघा कालपासून दुखतोय आणि ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

वर पोचलेल्यांचं निराळं असतं. २००५ साली सईद चाऊसनं महाराष्ट्र केसरीची गदा घेतली तेव्हा आमच्या मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. चाऊस म्हणजे निजामाच्या फौजेत आलेल्या हद्रमौतच्या अरबांचे वंशज, आपल्यातलेच. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेचं कांस्य घेऊन आला, तेव्हा आमच्या हौद्यात एका महिन्यात पंधरा नवी पोरं आली. विनेश फोगटचा गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भर कुस्तीत गेला, स्ट्रेचरवरून नेली. दोन वर्षांनी तिनं एशियाडचं सुवर्ण घेतलं. २०२३ साली पुन्हा ऑपरेशन, आणि पुढच्या वर्षी पॅरिसची अंतिम फेरी गाठली. पोरं मोबाइलवर हे बघतात आणि म्हणतात, बघा, गुडघा गेला तरी माणूस परत येतो. येतो. पण तिच्या मागं सर्जन होता, फिजिओथेरपिस्ट होता, महिनोन् महिने फक्त पाय वाकवायचा व्यायाम होता. व्हिडिओत ते महिने दिसत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या मशिदीत गेली काही वर्षं खुर्च्या वाढल्यात. सफेच्या कडेला आधी दोन होत्या, आता नऊ आहेत. म्हातारे बसतात, आजारी बसतात. शरियतमध्ये त्याला सूट आहे. पण त्या नवांतले चार आमचे तालीमवाले आहेत, आणि त्यांत एकही साठीचा नाही. ज्यानं ऐन जवानीत उभ्या उभ्या ढाक लावून माणूस आभाळ दाखवला, त्याला अत्तहियातला गुडघा मोडून बसता येत नाही. सजदा तो मानेनं करतो. एकदा तो आम्हांला म्हणाला, "सब छूटा उसका गम नै. माथा जमीन पे नै टिकता, ये चुभता." हुजूर (स.) रुकानाशी कुस्ती खेळले आणि त्याला पाडलं, अशी रिवायत आहे, ती आमच्या तालमीत प्रत्येक पोराला पाठ असते. शरीराचा माणसावर हक्क आहे, हेही हदीसमध्येच येतं. ते मात्र कुणी पाठ करून घेतलं नाही. अलीकडं आमच्या इमामसाहेबांना आम्ही विनंती केली, आणि एका जुम्याला त्यांनी खुत्ब्याआधीच्या बयानात तो विषय घेतला. पोरं मागच्या सफेत बसून ऐकत होती. पटलं किती, ते त्यांनाच ठाऊक.

तालीम आता आम्हीच बघतो. उस्ताद गेल्यापासून एक नियम केलाय. लढत चालू असताना कुणीही जोडीदाराच्या पाठीवर दोनदा थाप मारली की सुटायचं, आणि का मारली हे विचारायचं नाही. पहिले चार महिने एकानंही मारली नाही. मग आमच्या धनगर दोस्तानं युक्ती केली. हा साडेपाच फुटी, पंचावन्न वर्षांचा माणूस स्वतः लंगोट लावून उतरला आणि अठरा वर्षांच्या पोराशी लढता लढता त्यानं थाप मारली, सगळ्यांदेखत. उठला, माती झटकली, पुन्हा हात मिळवला. त्या आठवड्यात दोघांनी मारली. आता मारतात. थोडी लाजत मारतात, पण मारतात. कानासाठी पट्टीही आणून ठेवलीय. ती मात्र खुंटीलाच टांगलेली असते.

सध्या चिंता आहे ती एका पोराची. सतरा वर्षांचा, अंगानं सुरेख, मान तर अशी की बघत राहावं. आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत, मुकादमाची उचल फेडायचीय. हा दादीजवळ राहतो तो तालमीसाठीच. गेल्या महिन्यात त्यानं उजव्या बाजूचा पट काढणं बंद केलं. आम्ही बघितलं, काही बोललो नाही. परवा त्यानं स्वतःहून दोन थापा मारल्या आणि हौद्याच्या कडेला येऊन बसला. गुडघा हातात धरून म्हणाला, "चाचा, ये तीन महिने से ऐसाच है." तीन महिने! पुढच्या वर्षी त्याला भरतीत उतरायचंय. ऑपरेशन निघालं तर काय, हे त्यानं आम्हांला चारदा विचारलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर डॉक्टरच देईल. रात्री फोन लावून आईशी बोललो. ती फडातच होती, मागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आधी ती रडली, मग तिनं विचारलं, खर्च किती. आम्ही म्हटलं, बहन, ते नंतर बघू, आधी दाखवू दे.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं त्याला अंबाजोगाईला न्यायचंय. आमच्यातले दोघं जातील. एकाचा स्वतःचा गुडघा तसाच आहे, तोही दाखवून घे म्हणून बाकीचे त्याच्या मागं लागलेत. तो अजून हो म्हणालेला नाही.